पृष्ठवर्णन भाषा

पृष्ठवर्णन भाषा म्हणजे छापावयाच्या पृष्ठावर कोणती अक्षरे, रेषा व चित्रे कोठे, किती आकारात आणि कोणत्या रंगात असावीत हे प्रिंटरला सांगणारी संगणकीय भाषा होय. संगणक पानाचे तयार चित्र न पाठवता त्या पानाचे वर्णन पाठवतो. प्रिंटरमधील इंटरप्रिटर ही आज्ञावली ते वर्णन वाचते, त्याचा अर्थ लावते आणि त्यावरून कागदावर उमटवायच्या ठिपक्यांचा नकाशा तयार करते. ॲडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट आणि ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीची पीसीएल या सर्वाधिक प्रसार झालेल्या पृष्ठवर्णन भाषा आहेत. पीडीएफ हे दस्तऐवजाचे स्वरूपही पोस्टस्क्रिप्टमधूनच विकसित झाले.

चित्राऐवजी वर्णन पाठवण्याच्या या पद्धतीमुळे एकच फाइल कमी क्षमतेच्या कार्यालयीन प्रिंटरवर आणि छापखान्यातील उच्च क्षमतेच्या यंत्रावर सारख्याच मांडणीने छापता येते. मात्र त्यासाठी प्रिंटर हा स्वतःच एक संगणक असावा लागतो. तसेच या भाषा मजकुराचा अर्थ नव्हे, तर अक्षरांचे आकार व त्यांच्या जागा सांगतात. देवनागरीसारख्या लिपींच्या बाबतीत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये अक्षरांचे ठिपकेरूप आकार यंत्रातच साठवलेले असत. संगणक केवळ अक्षरांचे संकेतांक पाठवी आणि ठळक अक्षरे, अधोरेखन, ओळींमधील अंतर यांसाठी 'एस्केप' या संकेताने सुरू होणाऱ्या छोट्या आज्ञा मजकुरातच पेरलेल्या असत. एप्सन कंपनीचा अशा आज्ञांचा संच पुढे इतर अनेक उत्पादकांनीही स्वीकारला.

लेझर प्रिंटरमुळे पानाच्या कोणत्याही बिंदूवर ठिपका उमटवणे शक्य झाले, पण त्याबरोबरच माहितीचा आकार वाढला. ए-४ आकाराच्या पानावर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने आडवे सुमारे २,४८० आणि उभे सुमारे ३,५०८, म्हणजे एकूण सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यासाठी एक बिट धरला, तरी एका पानास १० लाखांहून अधिक बाइट लागतात. त्या काळी प्रचलित असलेल्या सेकंदाला ९,६०० बिट वेगाच्या जोडणीवरून असे एक पान पाठवण्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. याउलट त्याच पानाचे वर्णन बहुधा काही हजार बाइटांत मावते.

अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात इंटरप्रेस ही पृष्ठवर्णन भाषा तयार झाली होती. तेथे काम करणारे जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी ते केंद्र सोडून १९८२ मध्ये ॲडोबी कंपनीची स्थापना केली. या कंपनीने १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही भाषा प्रसिद्ध केली. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या ॲपल कंपनीच्या लेझररायटर या प्रिंटरमध्ये पोस्टस्क्रिप्टचा इंटरप्रिटर होता. या प्रिंटरमध्ये १२ मेगाहर्ट्झ वेगाचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर आणि दीड मेगाबाइट मेमरी होती. तो ज्या मॅकिंटॉश संगणकाला जोडला जाई, त्यातील त्याच जातीचा प्रोसेसर सुमारे ८ मेगाहर्ट्झ वेगाने चालत असे. म्हणजे प्रिंटर हा संगणकापेक्षा अधिक वेगवान होता. त्याची किंमत ६,९९५ डॉलर होती. त्याच वर्षी आलेल्या ऑल्डस पेजमेकर या पृष्ठजुळणीच्या आज्ञावलीसह या प्रिंटरने डेस्कटॉप प्रकाशनाचा पाया घातला.

ह्यूलेट-पॅकार्डने १९८४ मध्ये आणलेल्या लेझरजेट प्रिंटरचा मार्ग वेगळा होता. त्यातील पीसीएल ही एस्केप संकेतांवर आधारलेली साधी भाषा होती. मूळ लेझरजेटमध्ये केवळ १२८ किलोबाइट मेमरी होती. त्यामुळे अक्षरे इंचाला ३०० ठिपक्यांनी छापता येत असली, तरी पूर्ण पानभर चित्र मात्र इंचाला ७५ ठिपक्यांनीच छापता येई. या साधेपणामुळे प्रिंटरची किंमत कमी राहिली. १९९० मध्ये लेझरजेट-३ सोबत आलेल्या पीसीएल-५ मध्ये हव्या त्या आकारात मोठी-लहान करता येणारी अक्षरे आणि रेखाटनाच्या आज्ञा समाविष्ट झाल्या.

पोस्टस्क्रिप्टचे स्वरूप

पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण स्वरूपाची प्रोग्रॅमिंग भाषा आहे. तिच्यात चल राशी, अटी, पुनरावृत्ती आणि नव्या आज्ञांची व्याख्या करण्याची सोय आहे. तिची रचना स्टॅकवर, म्हणजे मूल्यांच्या उतरंडीवर आधारलेली आहे. उतरंडीत ज्याप्रमाणे शेवटी ठेवलेले मडके प्रथम काढावे लागते, त्याचप्रमाणे शेवटी ठेवलेले मूल्य प्रथम वापरले जाते. आज्ञा नेहमी तिच्या मूल्यांनंतर लिहिली जाते. उदाहरणार्थ, '७२', '७२०' या संख्या व त्यांनंतर 'मूव्हटू' ही आज्ञा आल्यास इंटरप्रिटर दोन्ही संख्या उतरंडीवर ठेवतो, आज्ञा येताच त्या काढून घेतो आणि रेखाटनाचा चालू बिंदू त्या स्थानी नेतो. पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यास आरंभबिंदू मानले जाते आणि इंचाचा बहात्तरावा भाग हे मोजमापाचे एकक असते. त्यामुळे वरील आज्ञेतील बिंदू डाव्या कडेपासून १ इंचावर आणि खालच्या कडेपासून १० इंचांवर येतो.

या मोजमापात प्रिंटरच्या ठिपक्यांचा कोठेही उल्लेख नसतो. वर्णनातील अंकांचे ठिपक्यांत रूपांतर करण्यासाठी इंटरप्रिटर सहा संख्यांचा एक सारणिक वापरतो. आकार बदलणे, फिरवणे व सरकवणे या सर्व क्रिया त्या सारणिकातील संख्या बदलून साधल्या जातात. एकच फाइल इंचाला ३०० ठिपक्यांच्या लेझररायटरवर मसुदा म्हणून छापावी आणि तीच इंचाला २,५४० ठिपक्यांच्या लिनोट्रॉनिक-३०० या अक्षरजुळणी यंत्रावर फिल्मसाठी पाठवावी, ही पद्धत त्यामुळे शक्य झाली.

चित्रणाचा नियम रंगकामासारखा आहे. आधी रेषा व वक्ररेषा जोडून बाह्याकृती आखली जाते, नंतर ती भरली जाते किंवा तिच्या कडेवरून रेघ ओढली जाते. मूळ पोस्टस्क्रिप्टमध्ये प्रत्येक रंग अपारदर्शक असतो. नंतर काढलेली आकृती आधीच्या आकृतीला झाकते. त्यामुळे पानाच्या वर्णनातील शेवटची आज्ञा वाचली जाईपर्यंत कोणता ठिपका काळा आणि कोणता पांढरा राहील हे ठरत नाही.

इंटरप्रिटरचे कार्य

भाषेची ओळख

अनेक प्रिंटरांना एकाहून अधिक भाषा येतात. त्यामुळे आलेली माहिती कोणत्या भाषेत आहे हे प्रथम ठरवावे लागते. पोस्टस्क्रिप्ट फाइल टक्केवारीचे चिन्ह आणि उद्गारचिन्ह यांनी सुरू होते, तर पीसीएल माहितीच्या आरंभी सामान्यतः एस्केप संकेत असतो. याखेरीज ह्यूलेट-पॅकार्डची पीजेएल ही वेगळी नियंत्रण भाषा आहे. तिच्या आज्ञांद्वारे पुढील मजकूर कोणत्या भाषेतील आहे हे स्पष्टपणे सांगता येते. ही ओळख चुकल्यास प्रिंटर वर्णनालाच मजकूर समजतो. एका पत्राऐवजी आज्ञा व आकडे यांनी भरलेली अनेक पाने बाहेर पडण्याचा परिचित प्रकार बहुधा यामुळेच घडतो.

आज्ञांची अंमलबजावणी

इंटरप्रिटर फाइल आरंभापासून क्रमाने वाचतो आणि तिचे संख्या, नावे, अक्षरमालिका अशा घटकांत विभाजन करतो. नाव आढळल्यास त्याचा अर्थ कोशात शोधला जातो. पोस्टस्क्रिप्टमध्ये 'कोश' हे नाव व अर्थ यांच्या जोड्यांचे कोष्टक असते आणि अशा कोशांचीही एक उतरंड असते. शोध सर्वांत वरच्या कोशापासून सुरू होतो. त्यामुळे एखादा दस्तऐवज आपल्या कोशात मूळ आज्ञेला नवा अर्थ देऊ शकतो. प्रिंटर ड्रायव्हर फाइलच्या आरंभी अशा लघुनामांचा संच पाठवतात आणि पुढील पानांत ती लघुनामे वापरतात. रेघेची जाडी, रंग, चालू फाँट, सारणिक या बाबी मिळून 'चित्रणस्थिती' बनते. ती जतन करून नंतर पूर्ववत करता येते.

पीसीएलचा इंटरप्रिटर तुलनेने साधा असतो. त्यात उतरंड, अटी व पुनरावृत्ती नसतात. प्रत्येक संकेत चालू स्थितीत एक बदल करतो आणि पुढील अक्षरे त्या स्थितीनुसार छापली जातात. आरंभबिंदू पानाच्या वरच्या डाव्या भागात असतो.

ठिपक्यांत रूपांतर

बाह्याकृती तयार झाल्यावर तिचे ठिपक्यांत रूपांतर केले जाते. या क्रियेस रास्टरीकरण आणि ती करणाऱ्या घटकास रास्टर इमेज प्रोसेसर किंवा संक्षेपाने 'रिप' असे म्हणतात. वक्ररेषांचे प्रथम लहान सरळ रेषाखंडांत विभाजन होते. त्यानंतर पानाच्या प्रत्येक आडव्या ओळीवर आकृतीची कड कोठे सुरू होते व कोठे संपते हे काढून मधले ठिपके भरले जातात.

अक्षरेही अशाच बाह्याकृती असतात. पोस्टस्क्रिप्टच्या टाइप-१ फाँटमध्ये त्या घन बेझिए वक्रांनी, तर ॲपलने विकसित केलेल्या ट्रूटाइप फाँटमध्ये द्विघाती वक्रांनी दर्शवल्या जातात. इंचाला ३०० ठिपके असताना १० पॉइंट आकाराच्या अक्षराची उभी रेघ जेमतेम तीन-चार ठिपके जाड असते. एका अक्षरात ती तीन ठिपके व शेजारच्या अक्षरात चार ठिपके झाल्यास ओळ विसंगत दिसते. हे टाळण्यासाठी फाँटमध्ये 'हिंट' नावाच्या सूचना असतात. त्यांनुसार इंटरप्रिटर बाह्याकृती किंचित सरकवून ठिपक्यांच्या जाळीशी जुळवतो. एकदा तयार झालेले अक्षराचे ठिपकेरूप मेमरीत जपून ठेवले जाते आणि पुढे तेच अक्षर आल्यावर पुन्हा वापरले जाते.

करड्या छटांसाठी हाफटोन पद्धत वापरली जाते, कारण साधा लेझर प्रिंटर ठिपका एक तर उमटवतो किंवा उमटवत नाही. ठिपक्यांचे लहान चौकोनी गट करून त्यांतील कमी-अधिक ठिपके भरल्याने छटेचा आभास होतो. इंचाला ६०० ठिपके आणि इंचाला ७५ ओळींची जाळी असल्यास प्रत्येक गटात ८ गुणिले ८, म्हणजे ६४ ठिपके येतात आणि पांढऱ्यासह ६५ छटा मिळतात. जाळी अधिक बारीक केल्यास छटांची संख्या घटते.

मेमरी आणि वेळ

लेझर प्रिंटरमध्ये कागद एकदा सरकू लागला की तो मध्येच थांबवता येत नाही. ढोल फिरत असताना लेझर किरणाला पुढील ओळीचे ठिपके वेळेवर मिळालेच पाहिजेत. त्यामुळे संपूर्ण पानाचा ठिपके-नकाशा आधी मेमरीत तयार करणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. मात्र ठिपक्यांची घनता दुप्पट झाल्यास मेमरी चौपट लागते. इंचाला ६०० ठिपक्यांचे एकरंगी ए-४ पान सुमारे ४३.५ लाख बाइट व्यापते. निळा, किरमिजी, पिवळा व काळा या चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्यास एकेक बिट धरल्यास हा आकडा सुमारे १.७४ कोटी बाइट होतो.

मेमरी वाचवण्यासाठी अनेक प्रिंटर पानाचे आडवे पट्टे करतात. आज्ञांची अंमलबजावणी झाल्यावर कोणत्या पट्ट्यात कोणत्या आकृती येतात याची मध्यंतरी यादी केली जाते आणि छपाई चालू असताना एकेक पट्टा ठिपक्यांत रूपांतरित होतो. एखादा पट्टा फार गुंतागुंतीचा असेल आणि वेळेत तयार झाला नाही, तर पान अर्धवट छापले जाते व प्रिंटर त्रुटी दर्शवतो. इंकजेट प्रिंटरमध्ये मुद्रणशीर्ष माहिती येईपर्यंत थांबू शकते, त्यामुळे तेथे ही अडचण येत नाही.

पोस्टस्क्रिप्टच्या बाबतीत वेळेचा प्रश्न अधिक मूलभूत आहे. ती पूर्ण प्रोग्रॅमिंग भाषा असल्याने दोन ओळींची फाइलही अनंत पुनरावृत्ती घडवू शकते. दिलेली आज्ञावली कधीतरी थांबेल की नाही हे सर्व बाबतींत आधी ठरवणारी रीत अस्तित्वात नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले होते. त्यामुळे एखादे पान छापण्यास किती वेळ लागेल हे ते पान चालवून पाहिल्याशिवाय प्रिंटरला सांगता येत नाही. प्रिंटर केवळ कालमर्यादा ठरवून काम रद्द करू शकतो.

त्रुटी

उतरंडीवर पुरेशी मूल्ये नसणे, अज्ञात नाव येणे, मेमरी संपणे किंवा बाह्याकृती यंत्राच्या मर्यादेबाहेर जाणे ही पोस्टस्क्रिप्ट काम बंद पडण्याची प्रमुख कारणे होत. त्रुटी आल्यावर इंटरप्रिटर सामान्यतः त्या कामाचा उर्वरित भाग टाकून देतो. पान चालू असतानाच काम थांबल्यास ते पान बाहेर पडत नाही, कारण 'शोपेज' ही पान छापण्याची आज्ञा येईपर्यंत सर्व चित्रण केवळ मेमरीत असते.

फाँट उपलब्ध नसणे ही मात्र बहुधा त्रुटी मानली जात नाही. अशा वेळी बहुतेक पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर कुरिअर हा फाँट वापरून छपाई पुढे चालू ठेवतात. काम पूर्ण होते, पण पानाचे रूप बदललेले असते.

सुरक्षितता

पृष्ठवर्णन भाषेतील दस्तऐवज हा प्रिंटरवर चालणारा प्रोग्रॅम असल्यामुळे त्याचा गैरवापरही शक्य आहे. पोस्टस्क्रिप्टमध्ये फाइली वाचण्याच्या व लिहिण्याच्या आज्ञा आहेत. तसेच एखाद्या आज्ञेची व्याख्या बदलून तो बदल पुढील कामांसाठी टिकवून ठेवता येतो. जर्मनीतील रुर विद्यापीठ, बोखुम येथील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या सोयींचा वापर करून जाळ्यावरील प्रिंटरांमधून इतरांची छपाईची कामे मिळवता येतात, हे दाखवून दिले. घोस्टस्क्रिप्ट या मुक्त इंटरप्रिटरमध्ये फाइल हाताळण्यावरील निर्बंध २०१९ मधील ९.५० या आवृत्तीपासून आपोआप लागू होतात.

पीडीएफ आणि नंतरचे बदल

पोस्टस्क्रिप्टची दुसरी पातळी १९९० च्या दशकाच्या आरंभी आणि पोस्टस्क्रिप्ट-३ ही तिसरी पातळी १९९७ मध्ये आली. दरम्यान १९९३ मध्ये ॲडोबीने पीडीएफ प्रसिद्ध केले. पीडीएफने पोस्टस्क्रिप्टची चित्रणपद्धत स्वीकारली, पण पृष्ठवर्णनातील अटी, पुनरावृत्ती व नव्या आज्ञांच्या व्याख्या वगळल्या. पोस्टस्क्रिप्टमध्ये पन्नासाव्या पानाचे स्वरूप आधीच्या एकोणपन्नास पानांतील आज्ञांवर अवलंबून असू शकते. पीडीएफमध्ये प्रत्येक पान स्वतंत्रपणे उघडता येते. २००८ मध्ये पीडीएफला आयएसओ ३२००० हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली.

संगणक वेगवान झाल्यावर रास्टरीकरण पुन्हा संगणकाकडे सोपवण्याचा प्रवाह सुरू झाला. स्वस्त प्रिंटरांपैकी अनेकांत पृष्ठवर्णन भाषेचा इंटरप्रिटर नसतो. ड्रायव्हर ठिपक्यांचा नकाशा संगणकावरच तयार करून पाठवतो. असा प्रिंटर त्याच्या ड्रायव्हरवर पूर्णतः अवलंबून असतो आणि नव्या संगणक प्रणालीसाठी ड्रायव्हर न मिळाल्यास सुस्थितीतील यंत्रही निरुपयोगी ठरते. २०१० मध्ये आलेल्या ॲपलच्या एअरप्रिंट पद्धतीत व त्यानंतरच्या आयपीपी एव्हरीव्हेअर या मानकात ठरावीक स्वरूपाचे ठिपके-नकाशे वापरल्याने वेगळ्या ड्रायव्हरची गरज उरत नाही. छापखान्यांत मात्र पीडीएफ वाचणारे रिप हाच आजही प्लेट तयार करण्याचा मुख्य मार्ग आहे.

देवनागरी आणि पृष्ठवर्णन

देवनागरी मजकूर साठवण्याचा क्रम आणि छापण्याचा क्रम नेहमी एकच नसतो. युनिकोडमध्ये 'कि' हे अक्षर आधी 'क' व नंतर ऱ्हस्व वेलांटी असे साठवले जाते, परंतु कागदावर वेलांटी 'क'च्या आधी येते. 'अर्क' या शब्दात 'र' आधी साठवला जातो आणि त्याचा रफार मात्र 'क'च्या डोक्यावर दिसतो. 'क्ष' हे जोडाक्षर तीन संकेतांकांनी बनते, पण छापताना त्याचा बहुधा एकच आकार वापरला जातो. ही जुळवाजुळव हार्फबझसारख्या आज्ञावल्या संगणकावरच करतात. पृष्ठवर्णनात पोहोचतात ते केवळ आकारांचे क्रमांक आणि त्यांच्या जागा. त्यामुळे मराठीचे कोणतेही ज्ञान नसलेला प्रिंटर मराठी पान बिनचूक छापू शकतो.

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीत २५६ पर्यंत संकेतांकांचे फाँट वापरले जात. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत आणि जागा वाचवण्यासाठी अनेक अक्षरे अर्धे अक्षर व काना अशा तुकड्यांतून जोडली जात. असा फाँट फाइलमध्ये समाविष्ट न करता ती दुसऱ्या ठिकाणी छपाईस दिल्यास प्रिंटर पर्यायी फाँट वापरतो आणि मराठी मजकुराच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात.

फाँट समाविष्ट असल्यास छपाई अचूक होते, मात्र मूळ मजकूर परत मिळेलच असे नाही. आकारांवरून संकेतांकांकडे जाण्यासाठी पीडीएफमध्ये एक रूपांतर-कोष्टक ठेवता येते. ते नसल्यास किंवा जुन्या फाँटचे रोमन संकेतांकच त्यात असल्यास पडद्यावर सुवाच्य दिसणारा मराठी परिच्छेद नक्कल करताच निरर्थक चिन्हांत बदलतो. युनिकोड फाँट असूनही आकार दृश्य क्रमाने नोंदवले गेल्याने वेलांटी व रफार चुकीच्या जागी येऊ शकतात. अशा फाइलीतील शब्द शोधयंत्राला सापडत नाहीत आणि दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावल्यांनाही ते वाचता येत नाहीत.

यावर उपाय म्हणून पीडीएफमध्ये आकारांच्या गटासोबत त्याचा मूळ युनिकोड मजकूर जोडण्याची सोय आहे. दीर्घकालीन जतनासाठीच्या पीडीएफ-ए या मानकात फाँट समाविष्ट करणे २००५ च्या पहिल्या भागापासूनच बंधनकारक आहे. २०११ च्या दुसऱ्या भागात अक्षरांचे युनिकोड मूल्य देणे आवश्यक करणारी 'यू' ही स्वतंत्र पातळी जोडण्यात आली. ज्या मराठी दस्तऐवजांत ही माहिती नसते, त्यांतील मजकूर पुन्हा उपयोगात आणण्यासाठी तो नव्याने टंकलिखित करावा लागतो, जुन्या फाँटसाठीच्या रूपांतरण आज्ञावलीतून न्यावा लागतो किंवा पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावलीची मदत घ्यावी लागते.